प्रवाशांच्या जागी पाणी

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा ड्रम आहे. अंगाने पोलादी, उंचीने तुमच्या खांद्याएवढा, आणि पोटावर सत्तावन्न हा आकडा. तुलूझ शहरातल्या विमान संग्रहालयात जिन्याखालच्या कोपऱ्यात मी उभा असतो. पोरे माझ्यासमोरून धावत मोठ्या विमानाकडे जातात. जाता जाता एखादा टिचकी मारतो आणि विचारतो, "हे बिअरचं पिंप इथं कशाला ठेवलंय?" मला राग येतो. म्हातारपणी राग बरा नाही हे कळते, पण येतो. कारण ज्या विमानाकडे ती धावत असतात, त्यात माणसांच्या कितीतरी आधी मी बसून आलो आहे.

नवे विमान तयार झाले की लगेच त्यात प्रवासी भरत नाहीत. आधी ते वर्ष-दीड वर्ष नुसते उडवून पाहतात. तापवून पाहतात, गारठवून पाहतात, धावपट्टीवर पाणी साचवून त्यातून पळवतात. पण रिकामे विमान वेगळे वागते आणि भरलेले वेगळे. पाचशे माणसे पोटात घेतल्यावर ते कसे वळते, कसे उतरते, हे पाहायचे तर वजन हवे. आणि त्यासाठी पाचशे जीव धोक्यात घालता येत नाहीत. म्हणून माणसांच्या जागी पाणी भरतात. एक ड्रम म्हणजे तीन प्रवासी, त्यांच्या बॅगांसकट. शिवाय पाणी पंपाने पुढे-मागे खेळवता येते. प्रवाशांना तसे पुढे-मागे पळवले तर ते भांडायला उठतील.

माझा जन्म पिरेनेज डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा कारखान्यात झाला. ज्याने माझ्या पोटाला सांधा मारला त्याची समजूत होती की आम्ही दुधाच्या डेअरीत जाणार. आम्ही पावणेदोनशे भावंडे ट्रकांमधून तुलूझला आलो. शेडचे दार सरकले आणि समोर ते विमान उभे. दोन मजली, आणि शेपूट इतकी उंच की वर बघता बघता माणसांच्या टोप्या पडत. कागदावर त्याचे नाव नुसते आकड्यांचे होते. कामगार मात्र त्याला जाडूबाई म्हणत. "जाडूबाई, जरा पाय आवर," असे म्हणत तिच्या चाकांना वळसा घालून जात. एवढे धूड हवेत कसे उठणार, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती. ती मी कुणाला सांगितली नाही, कारण मला सांगता येत नाही.

आम्हा ड्रमांचा सांभाळ करायचा बाझील काझालेस. अठ्ठावन्न वर्षांचा, बुटका, मनगटे जाडजूड. एकतीस वर्षे तो विमानांत ड्रम बसवत होता, नळ्या जोडत होता, पाणी भरत होता. प्रत्येक ड्रम भरून झाला की त्याच्या झाकणावर एक थाप मारायची ही त्याची सवय. शेडमधले लोक त्याला छळायचे.

"काय रे बाझील, आज तुझे प्रवासी काय खाणार?"

"पाणीच पितात बिचारे. तुझ्यासारखे नाहीत, अकरा वाजता सॉसेज शोधत फिरणारे."

माझी जागा खालच्या मजल्यावर, अगदी शेपटीजवळ होती. ती मानाची जागा होती, हे नम्रपणे सांगतो. माझ्या आजूबाजूच्या आठ ड्रमांचे पाणी माझ्यातून होऊन पुढे जाई. माझ्या बुडाशी एक कळ होती. ती हाताने फिरवली की तोंड उघडे आणि पंप पाणी ओढून घेई. ही कळ फिरवायचे काम ओदील रुमेंग हिचे.

ओदील एकोणतीस वर्षांची इंजिनिअर. नारिंगी उड्डाणवेष घालून ती आमच्या रांगांमधून फिरायची, तेव्हा बाझीलला आमच्याबद्दल वाटे त्यापेक्षा अधिक काळजी तिला जाडूबाईबद्दल वाटताना दिसे. ती दूर उत्तरेकडची, ब्रेस्तची, म्हणून दक्षिणेतले हे लोक तिची थट्टा करायचे.

"इथं बदकाच्या चरबीत शिजवतात बरं पोरी, लोण्यात नाही."

"म्हणूनच तुमच्या ड्रमांपेक्षा तुमची पोटं जड आहेत," ती म्हणायची. मग सगळ्यात मोठ्याने बाझील हसायचा.

इथली एक रीत सांगतो. सकाळी कामावर आले की प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवायचा. हात तेलकट असला तर मनगट पुढे करायचे, समोरच्याने ते धरायचे. यात चुकायचे नाही. काल भांडण झाले असले तरी नाही.

दुसरी रीत टेबलाची. प्रत्येक उड्डाणानंतर विमानात गेलेले सगळे एका खोलीत लांबट टेबलाभोवती बसत. मुख्य वैमानिक कप्तान सारामेआ मनगटावरचे घड्याळ काढून मध्ये ठेवायचे आणि आधी स्वतःची चूक सांगायचे. "आज मी वळण उशिरा घेतलं. पुढचा बोला." मग एकेक जण बोले. कप्तानांचे एक वाक्य सगळ्यांना पाठ होते: "या टेबलाशी बसून सांगितलेली चूक माझी. बाहेर कुजबुजलेली तुमची." त्या टेबलाशी बसून जो आपली चूक सांगेल त्याला शिक्षा नाही, हा नियम होता. मात्र खुर्च्या उडणाऱ्यांपुरत्याच होत्या. बाझीलसारखी जमिनीवरची माणसे त्या खोलीत एखादी वस्तू पोचवायला येत आणि दार ओढून परत जात.

आता त्या रविवाराकडे येतो. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता आणि सगळे त्यातूनच घडले.

सप्टेंबर संपत आला होता. आम्हाला वर्षातून एकदा विमानातून काढून धुतात, तसे काढले होते. त्याच आठवड्यात गायाक गावी बाझीलच्या थोरल्या बहिणीच्या, ओनोरीनच्या मळ्यात द्राक्षांची तोडणी आली. तिचा द्राक्षे टाकायचा मोठा टब तडकला. ओताँ वारा तीन दिवस घोंगावत होता, आणि तो थांबला की पाऊस येतो हे इथे शेंबडे पोरही सांगते. ओनोरीनने फोन केला.

"बाझील, टब गेला. द्राक्षं वेलीवर ठेवली तर सडतील. तुझ्याकडे ती चकाचक पिंपं आहेत ना शेकडो?"

"ताई, ती विमानाची आहेत."

"मग? विमान काय रविवारी द्राक्षं तोडायला जातं?"

बाझीलने शनिवारी मला आपल्या व्हॅनमध्ये घातले. सोमवारी घाई नको म्हणून रविवारी संध्याकाळीच परत आणायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. तोपर्यंत मी कधी पाण्याशिवाय दुसरे काही पाहिले नव्हते. मित्रांनो, ती पिवळसर हिरवी द्राक्षे माझ्या पोटात पडू लागली, त्यांचा चिकट गोड रस भिंतींवरून ओघळला, माशा घोंगावल्या, शेजारपाजारचे लोक गाणी म्हणत टोपल्या रिकाम्या करत होते. ओनोरीनने सगळ्यांना रश्शातले मांस आणि पाव वाढले. मला वाटले, हेच माझे खरे काम असावे. संध्याकाळी बाझीलने मला तीनदा धुतले. चौथ्यांदा धुवायला हवे होते.

कळीच्या मागे, जिथे नळी वळते, तिथे द्राक्षांची काही सालपटे चिकटून राहिली. मला ती जाणवत होती. जेवताना दाताच्या फटीत काही अडकले की तुम्हाला जाणवते, तशीच.

बुधवारी जाडूबाई समुद्रावर गेली. त्या दिवशीची चाचणी अशी होती: सगळे पाणी शेपटीकडे ओढून घ्यायचे, विमान मागे जड करायचे, ते कसे वागते पाहायचे, आणि मग पाणी पुन्हा पुढे पाठवून तोल सावरायचा. पहिला भाग छान झाला. मग ओदील माझ्यापाशी आली, वाकली आणि कळ फिरवली. पूर्ण फिरवली. शेवटच्या टोकाला लागून कळ थांबली तो ठोका माझ्या बुडाला लागला. या गोष्टीचा साक्षीदार फक्त मी.

पंप सुरू झाला. सालपटे सुटली, पुढे सरकली आणि वळणात जाऊन गच्च बसली. पाणी थांबले.

छतातल्या कर्ण्यातून कप्तानांचा आवाज आला. "ओदील, नाक वर चाललंय. पाणी सोडलंस ना?"

"सोडलं, कप्तान. कळ पूर्ण उघडी आहे. पाणी जात नाहीये."

"म्हणजे उघडी नाही."

"उघडी आहे!"

तिने पुन्हा कळ बंद केली, पुन्हा उघडली, मुठीने माझ्या पोटावर ठोकले. मी जोर लावत होतो. ड्रमाने जोर लावून काय होते? दोन टन पाणी शेपटीत अडकून राहिले. कप्तानांनी चाचणी सोडून दिली आणि जाडूबाईचे नाक सांभाळत सांभाळत तिला घरी आणले. चाके धावपट्टीला लागली, मोठा दणका बसला, आणि त्या दणक्याने वळणातली सालपटे सुटून माझ्या तळाशी आली. शेडमध्ये आल्यावर सगळ्यांसमोर कळ उघडली तर पाणी धो धो वाहू लागले.

कप्तान म्हणाले, "सत्तावन्न नंबर काढा आणि टेबलाच्या खोलीत आणा."

बाझीलने मला सोडवले, हातगाडीवर घातले आणि शेडमागच्या गटारावर उरलेले पाणी ओतले. पाण्याबरोबर सालपटे बाहेर आली. सात सालपटे आणि तीन बिया. बाझील उकिडवा बसला. मग त्याने ती एकेक करून उचलली, खिशातल्या व्हायोलेट फुलांच्या गोड गोळ्यांची पत्र्याची डबी रिकामी केली आणि त्यात ठेवली. ती फेकून द्यायला गटार समोरच होते, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो.

मला खोलीच्या कोपऱ्यात आरोपीसारखे उभे करून तो निघून गेला. टेबलाभोवती माणसे बसली. घड्याळ ठेवले गेले. कप्तान आपली चूक बोलले. ओदीलची पाळी आली.

"मी कळ पूर्ण उघडली होती. मला सांगण्यासारखी चूक नाही."

"मग ड्रम खोटं बोलतोय?" कुणीतरी म्हणाले.

ड्रम खोटे बोलत नव्हता. ड्रमाला बोलताच येत नव्हते, आणि ते दुःख मला त्या दिवसाइतके कधी झाले नाही. कप्तान तिच्यावर रागावले नाहीत. फक्त एवढे म्हणाले की पाणी का अडले हे समजेपर्यंत तिने जमिनीवरच थांबावे. अकरा दिवसांनी परवान्याचे अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर हीच चाचणी करून दाखवली की जाडूबाईला प्रवासी नेण्याची परवानगी मिळणार होती. ओदीलने दोन वर्षे ज्या उड्डाणासाठी काम केले, ते हेच.

त्यानंतरचे नऊ दिवस मी त्या कोपऱ्यात काढले. भिंतीला मोठी काच होती, त्यातून शेड दिसे. इंजिनिअर येत, माझी कळ फिरवत, दोनशे वेळा फिरवून पाहत, आणि कपाळाला आठ्या घालून जात. रोज सकाळी हात मिळवणे चाले. बाझील सगळ्यांशी हात मिळवी. ओदील समोर आली की मात्र मनगट पुढे करी. त्याचे हात स्वच्छ असत. मला काचेतून दिसत होते.

नवव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले असता ओदील खोलीत आली आणि टेबलाशी बसून काहीतरी लिहू लागली. थोड्या वेळाने बाझील कपड्याचा बोळा घेऊन मला पुसायला आला. ती आहे हे त्याला माहीत नसावे. तो दारातच थबकला.

"या ना," ती म्हणाली. "तुम्हालाच विचारायचं होतं. तीस वर्षं तुम्ही या कळी बसवताय. कळ अर्धीच फिरली तर हाताला कळतं ना?"

"कळतं."

"नेहमी?"

"नेहमी." बाझील माझे झाकण पुसत होता. ते आधीच चकचकीत होते.

"मला अजून वाटतं, पूर्ण फिरली होती. पण रोज रात्री मनात फिरवते, आणि रोज थोडी कमी फिरते." ती हसली. ते हसणे चांगले नव्हते. "जाऊ दे. उद्या टेबलावर सांगणार आहे, चूक माझीच. हे बघा, लिहूनही काढलंय."

बाझीलचा हात थांबला. "चूक केली नाहीस तर सांगतेस कशाला?"

"कारण सापडलं नाही तर सगळ्या नळ्या उचकटून नव्यानं करणार आहेत. आठ महिने जातील. चूक माणसाची निघाली तर नळ्या वाचल्या, आणि जाडूबाई परवाच उडेल. मी नसेन एवढंच."

"आणि तू?"

"मी जाईन ब्रेस्तला. लोणी खाईन."

बाझीलने तोंड उघडले. मला वाटले, आता बोलेल. त्याने बोळा खिशात कोंबला आणि बाहेर गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला त्याचा फार राग आला. याच माणसाने एकतीस वर्षे आम्हाला थापटले होते, म्हणून जास्तच आला. पण मी त्याच्या बाजूनेही विचार केला. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. अंगावर एक डाग नाही. आणि टेबलाचा नियम त्याला लागूच नव्हता. खुर्ची असलेल्याला माफी होती, त्याला खुर्ची नव्हती. विमानाचा ड्रम द्राक्षांना नेला म्हटल्यावर त्याला दारातूनच घरी पाठवले असते, आणि तेही शेवटच्या दोन महिन्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. कप्तानांनी घड्याळ ठेवले. ओदीलने कागदाची घडी उघडली. इतक्यात दार वाजले आणि बाझील आत आला. कामाचे निळे कपडे, हातात टोपी, केस पाण्याने चापून बसवलेले. त्याने दार मागे ओढून घेतले. आतल्या बाजूने.

"काही आणायचंय का, बाझील?" एकाने विचारले. "आमचं चालू आहे."

"मला बोलायचंय. सत्तावन्न नंबरबद्दल."

बाझील दाराला पाठ लावून उभा होता आणि टोपी पिळत होता. त्याचा चेहरा असा होता की पुढे काय येणार हे ड्रमालाही कळावे. "त्या रविवारी मी..." असे म्हणून त्याने श्वास घेतला.

तेवढ्यात खुर्ची जोरात मागे सरकली. ओदील उभी राहिली होती.

"थांबा," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नका. आधी इथं बसा."

"मी उभाच बरा, पोरी."

"उभ्यानं बोललेलं या टेबलावर धरत नाहीत. बसा म्हणते ना!"

तो काय सांगणार हे तिला ठाऊक नव्हते. पण नऊ दिवस ती ज्याची वाट पाहत होती ते आले आहे, आणि ते आणणाऱ्या माणसाला आधी आडोसा हवा, एवढे तिला कळले होते. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला आपल्या खुर्चीत बसवले. स्वतः माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा हात माझ्या झाकणावर होता.

"ही खुर्ची उडणाऱ्यांची आहे," टेबलाच्या त्या टोकाचा कुणी पुटपुटला.

कप्तान सारामेआ यांनी आधी ओदीलकडे पाहिले, मग बाझीलकडे. त्यांनी घड्याळ उचलले आणि बाझीलच्या पुढ्यात सरकवले. "बसलाय ना? मग ऐकतो. बोल."

बाझीलने खिशातून पत्र्याची डबी काढली, उघडली आणि टेबलावर ठेवली. सात सालपटे सुकून तपकिरी झाली होती. मग त्याने सगळे सांगितले. टब, वारा, व्हॅन, तीनदा धुतलेला ड्रम. काही झाकले नाही, रडगाणेही गायले नाही. शेवटी म्हणाला, "कळ तिनं पूर्ण उघडली होती. अडलं ते माझ्यामुळं. मी नऊ दिवस गप्प बसलो, ती दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी."

कप्तान डबीत बघत होते. त्यांनी विचारले, "द्राक्षं कसली?"

"मोझाक."

"गोडी उतरली होती?"

"यंदा छान उतरली, कप्तान."

"चला, निदान तेवढं तरी."

कुणीतरी फसकन हसले, मग सगळेच हसले. ओदील हसली नाही. ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "नऊ दिवस, बाझील. काल मी तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणालात, कळतं, नेहमी कळतं. आणि तसेच निघून गेलात!" तिच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते तिने पुसले नाही. "मला माझाच हात खोटा वाटायला लागला होता."

बाझीलने मान खाली घातली. कप्तानांनी घड्याळ मनगटावर चढवले आणि एवढेच म्हणाले, "या टेबलाशी सांगितलेली चूक माझी. ओदील, तो कागद फाड. उद्या तुला उडायचंय."

त्याच दुपारी त्यांनी मुद्दाम बाजारातून द्राक्षे आणून माझ्या पोटात सालपटे टाकली आणि पंप लावला. अकराव्या मिनिटाला पाणी अडले. कारण सापडले. एका रात्रीत सगळ्या ड्रमांच्या तोंडाला जाळी बसली, आणि दोघांनी दिवा घालून आत पाहिल्याशिवाय ड्रम विमानात न्यायचा नाही असा नियम झाला. कामगारांनी शेडच्या दारावर एक पाटीही लावली: द्राक्षांना सक्त मनाई. ती अजून तिथे आहे म्हणतात.

परवान्याच्या उड्डाणाला ओदीलच माझ्यापाशी वाकली. त्या सकाळी बाझीलने मनगट नाही, हात पुढे केला. तिने क्षणभर पाहिला, आणि धरला. लगेच सोडलाही. सगळे एकदम मिटत नाही, मित्रांनो. पण वर समुद्रावर तिने कळ फिरवली आणि माझ्यातून पाणी असे गेले, असे गेले, की पंपाला दम लागला असेल. जाडूबाईचे नाक अलगद खाली आले. अधिकाऱ्यांनी कागदावर सही केली.

मग आमचे दिवस संपले. आम्हाला काढून तिथे खुर्च्या बसवल्या. पहिल्यांदा कारखान्यातल्याच पाचशे लोकांना प्रवासी म्हणून बसवून सात तास फिरवून आणले, म्हणजे जेवण, हवा, संडास सगळे पारखता येते. बाझील त्यात होता. एकतीस वर्षे विमानांना पाणी पाजणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा विमानातून उडाला. परत आल्यावर शेडमध्ये येऊन माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाला, "बदक बरं होतं. पण पाव शिळा." पुढे खऱ्या प्रवाशांना घेऊन जाडूबाईच्या बहिणी निघाल्या, त्या दिवशी सारे तुलूझ शेतांच्या बांधावर आणि छपरांवर चढून बसले होते. मला आवाज ऐकू आला, दिसले काही नाही. मी शेडमागच्या आवारात आडवा पडलो होतो. तिथे मी आठ वर्षे पडून होतो. पावसाने गंजलो नाही, पण एकटेपणाने थोडा चिडचिडा झालो. संग्रहालयाच्या लोकांनी मला उचलले, पुसले आणि या कोपऱ्यात आणून ठेवले. पाटी लावायची मात्र राहिली.

बाझील आता फार म्हातारा झाला आहे. काठी टेकत कधीतरी येतो आणि माझ्याशेजारच्या बाकावर बसून बातम्या सांगतो. ओदील आता त्या टेबलाची प्रमुख आहे. मनगटावरचे घड्याळ काढून मध्ये ठेवते. आणि दाराजवळ एक खुर्ची नेहमी रिकामी ठेवते. ती कुणाच्या नावाची नाही. झाडूवाला, नळवाला, स्वयंपाकघरातला, कुणीही दार वाजवले की आधी त्याला तिथे बसवते, मग विचारते काय झाले. गेल्या वर्षी त्या खुर्चीत बसून सफाईच्या एका बाईने स्वतःची एक बारीकशी चूक सांगितली. त्यामुळे एक विमान वेळीच थांबवता आले.

मित्रांनो, मी पोटात पाणी घेऊन एक दीड वर्ष आकाशात फिरलो, पण शिकलो ते जमिनीवरच्या त्या खोलीत. वस्तू धुताना चौथ्यांदा धुवा, हे तर मी सांगेनच. ते माझे कामच आहे. पण याहून मोठी गोष्ट ओदीलने केली. उद्या तुमच्या घरात, वर्गात कुणी हातात टोपी पिळत, अडखळत काही सांगायला आले, तर त्याच्यावर ओरडायचा हक्क तुम्हाला आहेच. जरूर ओरडा. फक्त त्याआधी उठा आणि त्याला तुमची खुर्ची द्या.